चुकून माझ्या हातात आलेली टीम

गेल्या शनिवारी चार वाजता धसईची एसटी मुरबाड स्टँडला लागली आणि कंडक्टर सरळ माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आला. चार घड्या घातलेला वहीचा कागद काउंटरवर ठेवला. "घे, किसनची चिठ्ठी. आजून चालूच हाय का तुमचा ह्यो खेळ?"

हा कंडक्टर दोनेक महिने दुसऱ्या रूटवर होता. मधल्या काळात काय झालं ते त्याला माहीत नव्हतं... खरं सांगायचं तर मलाही पुरतं माहीत नव्हतं.

कॉलेजात एकत्र फुटबॉल खेळणारे आम्ही आठ जण. आता गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून पाच वर्षांपासून मोबाइलवर फँटसी लीग खेळतो. आपापली टीम निवडायची, एकाला कॅप्टन करायचं. खरे खेळाडू मॅचमध्ये जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला, कॅप्टनचे डबल.

अ‍ॅडमिन मी. रूल मी लिहिलेले, भांडणं मी मिटवायची. हौस दांडगी ना आमची.

आमच्यातला किसन धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला राहतो. घरात रेंज नाही, टेकाडावर चढलं तर एखादी कांडी येते. म्हणून तो टीममधला बदल चिठ्ठीवर लिहून कंडक्टरजवळ द्यायचा आणि मी त्याच्या लॉगिनने भरायचो. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग नोव्हेंबरात, भातझोडणीच्या दिवसांत, एसटी वाटेत पंक्चर झाली. डेडलाइन साडेचारची, चिठ्ठी आली पाचला. आणि नशीब बघा... किसनने ज्याला कॅप्टन करायला लिहिलं होतं, त्या पठ्ठ्याने नेमके तीन गोल मारले.

अ‍ॅपमध्ये बदल घेणं बंद झालं होतं. पण आमचा पॉइंटचा तक्ता मी वेगळा ठेवतो, त्यात हाताने धरता आले असते. धरले असते तर किसन पहिल्यांदाच एक नंबरला गेला असता.

शहापूरच्या नित्याने ग्रुपवर बोंब मारली. एक नंबरला तोच होता ना. किसन तुझा एका बाकावरचा दोस्त, आता बघू तुझा न्याय, असं म्हणाला आणि मला मिरची झोंबली.

आपल्याला कोणी पार्शल म्हणू नये, एवढ्यासाठी मी निकाल दिला... रूल म्हणजे रूल, पॉइंट नाहीत. वर शिस्तीवर दोन ओळींचं भाषणही ठोकलं. बाकीच्यांनी थम्ब्सअप टाकले.

दोन दिवसांनी किसनचा फोन आला, टेकाडावरून. "मी तीन वाजताच दिलती रे चिठ्ठी. गाडी पंक्चर झाली त्यात माजं काय? ... बरं. तू म्हणशील तसं." एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं. मी मनात म्हटलं, रुसलाय, येईल ठिकाणावर.

त्यानंतर त्याची चिठ्ठी आली नाही. मग ग्रुपवर एकेकाचं बोलणं आटलं. मी दर सोमवारी तक्ता टाकायचो, खाली निळ्या टिका आणि शांतता... वाटलं, लग्नसराई आहे, कामं असतील.

तर शनिवारी चिठ्ठी उघडली. अक्षर किसनचंच, वर नाव मात्र प्रफुलचं. प्रफुल आमच्या आठांतलाच, स्टँडच्या पलीकडे मेडिकल चालवतो.

"प्रफुल, कॅप्टन बदल, खाली लिवलाय. चिठ्ठी तीन वाजता कंडक्टरला दिली, आपल्या रूलप्रमाने तोच टाइम धर. नित्याला सांग तक्ता नवीन ग्रुपवर रविवारीच टाकत जा."

दोनदा वाचली. नवीन ग्रुप... मी सोडून. आणि तक्ता ठेवतोय कोण, तर नित्या! काडी ज्याने टाकली तो आत, आणि मी बाहेर.

रूलसुद्धा केला होता त्यांनी. चिठ्ठी कंडक्टरच्या हातात पडली, की पोचली. इतका साधा रूल पाच वर्षांत मला सुचला नव्हता, याचा राग आणखी वेगळा.

आता खरं तेच लिहितो. चिठ्ठी मी ड्रॉवरमध्ये टाकली. उशिरा आलेली चिठ्ठी त्यांच्या रूलमध्ये बसत होती, पण आलीच नाही तर? करा म्हटलं निवाडा, बघू कसा जमतो. दहा मिनिटं मी तसाच बसलो आणि त्या दहा मिनिटांत मला बरं वाटलं.

मग आठवलं, किसनच्या घरापासून एसटीचा थांबा अर्धा तास चालत आहे. तेवढं चालून तो ही चिठ्ठी द्यायला आला असणार. ड्रॉवर उघडला, रस्ता ओलांडला.

प्रफुलने मला येताना पाहिलं आणि काउंटरवरचा मोबाइल उलटा ठेवला. मी चिठ्ठी पुढे केली, कंडक्टरने चुकून मला दिली म्हणालो. आता तरी काही बोलेल असं वाटलं होतं... ये, बस, तुला सांगणारच होतो. खोटं बोलला असता तरी चाललं असतं मला.

त्याने चिठ्ठी घेतली आणि म्हणाला, "थँक्यू."

पंधरा वर्षांच्या दोस्तीत आम्ही एकमेकांना शिव्या दिल्या, उपाशी असताना एकमेकांचे डबे संपवले. थँक्यू कधी म्हटलं नव्हतं. मी "वेलकम" म्हणालो आणि दुकानात येऊन बसलो.

रूल माझा बरोबर होता, असं मी अजूनही म्हणेन... पण म्हणायचं कोणाला? म्हणून इथे लिहिलं.