उताराआधीचा थांबा

लोणावळ्यात माझे पाय टेकले ते ड्रायव्हरीणबाईंमुळे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या हकिकतीत पियानोपुढं मीच बसलेली दिसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, सगळं हिनंच केलं.

बाई वसईकडच्या ख्रिस्ती, लहानपणापासून चर्चमध्ये पियानो वाजवलेल्या; घरीही त्यांचा एक जुना पियानो होता. नवरा घाटात इंजिन चालवायचा म्हणून गाव त्यांना ड्रायव्हरीणबाई म्हणे. मी मावशी म्हणे. बोलता बोलता त्या एकदम गप्प व्हायच्या. चहाची बशी ओठांपाशी तशीच धरलेली. मुंबईकडं उतरणारी गाडी नुकतीच गेलेली असायची. खंडाळ्याच्या खाली एका जागी प्रत्येक गाडीला थांबावंच लागे. ब्रेक धरतो हे थांबून दाखवलं तरच सांधेवाला रुळांचा सांधा सरळ मार्गाकडं फिरवायचा. न थांबणारी गाडी आडबाजूच्या चढावर जाऊन अडायची. थांबलेल्या ड्रायव्हरची शिट्टी वाऱ्यावर ऐकू आली की मगच मावशी घोट घ्यायच्या. नवरा घाटात गेला नव्हता हो. घरी, खाटेवर, तापानं गेला. तरीही.

मला ते गप्प होणं कळायचं, कारण मीही जन्माची भित्री. नगरला मिशनच्या शाळेत पेटी आणि थोडा पियानो शिकले होते. वडील वारले, सहावीतच शाळा सुटली, आणि लोणावळ्याला मुलींच्या एका शाळेत, वसतिगृहाच्या कामाला आले. संगीताच्या बाई नोकरी सोडून गेल्या तेव्हा थोरल्या मिस म्हणाल्या, "पावसाळा सरला की परीक्षा घ्यायला मुंबईच्या मॅडम येतील. त्यांनी नेमलेली स्टडी वाजवलीस तर ती जागा तुझी." आणि नाही वाजवली तर? वसतिगृह त्याच वर्षी बंद होणार होतं. म्हणजे परत नगर, काकांचं घर, जिथं माझं ताट मांडायचं कुणाच्या लक्षात राहत नसे.

स्टडी म्हणजे युरोपातल्या कुणा संगीतकारानं शंभरेक वर्षांपूर्वी बोटांच्या तालमीसाठी रचलेली गत. पान उघडलं. मोहरी सांडावी तशा काळ्या टिकल्या. उजव्या हाताला पहिल्यापासून शेवटपर्यंत उसंत नाही.

ते पान घेऊन मावशींच्या घरी शिकायला जाऊ लागले, तर त्यांनी तो उजवा हात माझ्याच मांडीखाली घालायला लावला. "हा नुसता धूर. इंजिन डावीकडं आहे. आधी इंजिन बघ." पावसाळ्याचे पहिले आठवडे डावा हातच चालला. मग उजवा बाहेर निघाला तो चार-चार सुरांचे घास करून. "या चौघांत घरचा एकच, बाकी पाहुणे. घरचा कोण, सांग." मी चुकायचे, त्या पुन्हा विचारायच्या. एके दिवशी पाहुणे गाळून घरचे तेवढेच सूर वाजवले, आणि त्या सगळ्या धावपळीच्या खालून एक साधी, संथ, जराशी रडवेली चाल निघाली. दूध घालायला आलेली कुसगावची ठकूबाई उंबऱ्यात थबकली.

"आज लय दमानं गं बाय? रोज म्हंजी लाह्याच फुटत्यात तुज्या."

"मग हे आवडलं का?" मी विचारलं.

"व्हय. दळताना म्हनावं असं हाय. लाह्या न्हाई आवडत मला. दात कुटं हायेत?"

मावशींना हसता हसता ठसका लागला.

पण खरी भीती दुसऱ्या पानावर होती. तिथं उजवा हात पार वरच्या टोकाला चढतो, एका सुरावर जरा टेकतो आणि मग धडाधड खाली उतरतो. मी टेकायचेच नाही. जीव घेऊन पळायचे, आणि निम्म्यात बोटं एकमेकांत गुंतायची. पावसात पियानोच्या पट्ट्या फुगायच्या. मावशी ओल शोषायला आत कळीच्या चुन्याची वाटी ठेवायच्या. मला ते बरंच होतं. दोष पट्टीवर ढकलता यायचा.

"पट्टी नाही अडकली, तू अडकलीस," त्या म्हणाल्या. "भीती वाटते ना?"

"खूप."

"वाटू दे. न भिणारा ड्रायव्हर घाटात नकोच. पण भिऊन पळतो तो जातो, भिऊन थांबतो त्याला रस्ता मिळतो. त्या वरच्या सुरावर थांब. ब्रेक दाखव. मग उतर."

"कुणाला दाखवू?"

"स्वतःला, वेडे! मॅडम काय सांधेवाल्या आहेत?"

मॅडम आल्या त्या दिवशी मावशीही माझ्याबरोबर शाळेत आल्या. थोरल्या मिसनी मावशींना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. व्हरांड्यात गेल्या आणि माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. वाटलं, संपलं, यांचाही भरवसा नाही माझ्यावर.

वाजवू लागले. वरचा सूर आला. थांबले. आणि थांबूनच राहिले. खाली सगळ्या पट्ट्या दरीसारख्या पसरलेल्या, मॅडमनी मान वर केलेली, हात उचलेना. खिडकीतून मावशींची पाठ दिसली. ताठ, श्वास धरलेली, हातात बशी असताना असायची अगदी तशी. तेव्हा कळलं. भरवसा नव्हता असं नाही. त्या माझ्या शिट्टीची वाट बघत होत्या.

उतरले. एक सूर निसटला, बाकीचे हाताला आले. शेवटच्या सुराला ती पाठ सैल झाली.

"इतकं थांबायचं इथं लिहिलेलं नाही. का थांबलीस?" मॅडमनी विचारलं.

तोंडातून निघून गेलं, "पुढं उतार होता, मॅडम."

थोरल्या मिसनी कपाळाला हात लावला. मॅडम हसल्या नाहीत. "पुढच्या वेळी जरा कमी थांब," एवढंच म्हणाल्या. जागा मला मिळाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशींची बोटं वाकेनाशी झाली, आणि भाऊ त्यांना वसईला घेऊन गेला. पियानो माझ्याकडं ठेवला. "चुना बदलत जा," म्हणाल्या. त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. विचारलं, "वसईत घाटातली शिट्टी कशी ऐकू येणार तुम्हाला?"

"नाही येणार. म्हणून तर जाते. आता तू ऐक."

ऐकते. मुलींना शिकवताना गाडी गेली की माझा हात आपोआप थबकतो. मुली एकमेकींना कोपर मारतात.

मी नगरहून पुण्यामार्गे आले, म्हणजे मुंबईकडचा तो घाट अजून उतरलेलीच नाही. एकदा तिकीट काढलं आणि फलाटावरून परत आले. पण जाणार आहे. वसईत त्यांच्या चर्चमध्ये पियानो आहे म्हणे. त्यांना समोर खुर्चीत बसवीन, माझ्याकडं तोंड करून, आणि ती स्टडी अथपासून इतिपर्यंत ऐकवीन. त्यांचं देणं फेडायला माझ्याजवळ दुसरं काही नाही. वाटेत घाटात गाडी थांबेल. भीती वाटेलच. वाटू दे. थांबली म्हणजे ब्रेक धरतोय.