अंगठ्याचा आकडा

ऑफिसात सगळे तिला चिक्कूताई म्हणत, आणि ते नाव तिनं मेहनतीनं कमावलेलं होतं. दोन्ही बाजू भरल्याशिवाय कागद टाकायची नाही, पेन्सिल चिमटीत मावेनाशी झाली तरी सोडायची नाही. संगणकाची मेमरीही ती तशीच जपे. आकड्यांच्या रांगांचं गणित करणारी एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, ती वीस वर्षं सांभाळत होती. रांगेला व्हेक्टर म्हणायचं, सुट्या आकड्याला स्केलर. एका स्केलरनं अख्ख्या रांगेला गुणायचं, भागायचं. काम एवढंच, पण तिचा त्यावर भारी जीव.

आता त्याच लायब्ररीवर कृत्रिम हात चालणार होता, आणि पहिला हात बसवला होता तिच्या दादाला. कागद कापायच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला होता. आई गेल्यावर त्याच हातानं त्यानं तिच्या वेण्या घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या, पण शाळेची वेळ न चुकवता.

नवा हात काही केल्या ताळ्यावर येईना. अंडं धरलं की फुटे, कागदी कप चेपे. एकदा वहिनीची बोटं धरली, तर ती कळवळून ओरडली. तेव्हापासून दादानं तो हात खिशातच ठेवला.

“उद्या परत देऊन टाकतो,” तीन आठवड्यांनी तो म्हणाला. “हात चांगलाय गं ठमे. माझ्याच टाळक्यात आता नवं काही शिरत नाही.”

दादा असा मान खाली घालून बोलला, याचंच तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती ऑफिसात हजर. मोटर तपासली, बॅटरी तपासली, तारा तपासल्या. सगळं ठणठणीत. काखेत कळसा नि गावाला वळसा! शेवटी तिनं स्वतःचाच कोड उघडला.

पाच बोटांचे जोर पाच आकड्यांत येत. त्या सगळ्यांना अंगठ्याच्या आकड्यानं भागायचं, म्हणजे पकड बेताची राहते. तिनं कागदावर मांडून पाहिलं. अंगठा चाळीस, बाकीची बोटं ऐंशी. चाळीस भागिले चाळीस, एक. आता ऐंशीला अंगठ्यानं भागायचं, पण अंगठा तर एक होऊन बसला! ऐंशीचे व्हायला हवे होते दोन, राहिले ऐंशीच.

पूर्वी कोड भागाकाराआधी तो आकडा वेगळा उतरवून ठेवत असे. ‘एवढ्याशा आकड्याची नक्कल कशाला?’ म्हणून तिनंच ते काढून टाकलं होतं. चाचण्या घेतल्या त्या सगळ्या बाहेरच्या सुट्या आकड्यानं भागून, त्यामुळे चूक कधी दिसलीच नाही. तिनं गेलेली ओळ परत घातली आणि दादाला फोन केला, “हात कुणाला देऊ नकोस. आधी इकडे ये.”

तो आला. तिनं हातात नवा कोड भरला आणि सरळ सांगून टाकलं.

“दादा, चूक तुझी नव्हती. माझी होती.”

“तुझी? हॅट! तू कशाला चुकशील?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी चोराचीच बाजू घेतोय! तिला हसावं की रडावं कळेना. तिनं कागद पुढे ओढून त्याला पाची बोटांचा हिशेब समजावला. त्यानं डाव्या हाताच्या बोटानं एकेक आकडा पुन्हा लावून पाहिला.

“म्हणजे मी ढ नाही?” त्यानं हळूच विचारलं.

“नाहीस रे.” तिनं आपला हात पुढे केला. “धर.”

“वेडी आहेस का? मोडतील बोटं!”

“मोडली तर माझ्या चुकीनं मोडतील. धर म्हणते ना!”

त्यानं खिशातून हात काढला. बोटं एकेक करून मिटत गेली आणि तिच्या बोटांभोवती अलगद थांबली.

“लागतंय का गं?”

तिनं मानेनंच ‘नाही’ म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, आणखी एकदा विचारलं, पण हात सोडला नाही.