वापसीवाले मास्तर

आमचे पोस्टमास्तर कोणतीही नवी गोष्ट सुरू करण्याआधी ती बंद कशी करायची ते ठरवायचे. डाकघरात चहासाठी नवा स्टोव्ह आला, तर जुना त्यांनी माळ्यावर टाकू दिला नाही. रॉकेल भरून शेजारीच ठेवला. म्हणून आमच्या सौंसरात सगळे त्यांना 'वापसीवाले मास्तर' म्हणत. मी तिथे टपाल निवडायला बसायचे, आणि त्यांना हसण्यात माझा नंबर पहिला.

शेजारच्या मोहगावची टपालाची थैली शामराव रनर सायकलवर न्यायचे. माणूस इमानी, पण सायकल ती सायकल! टपाल वाटेपर्यंत दुपार टळायची. एकदा एका पोराला नोकरीचा कॉल मिळाला तो मुलाखतीची वेळ निघून गेल्यावर. पोरगा आमच्या खिडकीशी येऊन ढसाढसा रडला. मास्तरांना त्या दिवशी डबा गेला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पांढुर्ण्याची बस सकाळी इथून मोहगावले जाते. तिच्यानं थैली धाडून पाहू."

शामराव भडकले. "माही भाकर बसवर चढवून राहिले तुम्ही, मास्तर!" हातावर पोट असलेला माणूस, त्यांची भीती खरीच होती. मास्तरांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "शामरावजी, सायकल कायम राहीन. तुम्ही रोज हजेरी लावा. बस फक्त लावून पाहून राहिलो."

खरं डोकं त्यांनी लढवलं ते थैलीत. थैली तीच, गाठ तीच, लाखेची मोहर तीच. बसने जावो की सायकलने, मोहगावच्या डाकबाबूला ती फोडताना फरकच कळू नये. "आणणारा बदलला म्हून घेणाऱ्याले तरास कायले?" असं त्यांचं म्हणणं.

बस झकास चालली. मग आला पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमारीची जत्रा असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आपली बस तिथूनच येते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, मास्तरांच्यासुद्धा! तिकडे नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चाललेले, बस कुठली येते? शामराव उठले, तयार थैली कॅरिअरला बांधली आणि निघाले. मोहगावला टपाल पोचलं.

शामराव परत आल्यावर मास्तरांनी विचारलं, "आता तुम्हीच सांगा. बस ठेवाची का काढाची?" मला वाटलं, झालं, संपली बस. शामरावांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "ठेवा. पोट्ट्याइले कॉल टायमावर भेटून राहिले. म्या कायले आडवा येऊ?"

मास्तरांनी त्या दिवसापासून मोहगावची दुपारची डाक आणायचं काम शामरावांना लावलं. सकाळी बस, दुपारी सायकल. गावाचं उत्तर त्याच दिवशी पुढे जाऊ लागलं.

काही वर्षांनी मास्तरांची बदली झाली. नॅरोगेजच्या छोट्या लाईनच्या स्टेशनवर शामरावांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "दुसरा कोणी असता, तं मले पहिल्याच दिवशी घरी बसवलं असतं." गाडी हलली आणि मी भर फलाटावर पदरात तोंड खुपसून रडले. असा साहेब मला पुन्हा मिळाला नाही, खरं सांगते.

शामरावांचेही डोळे भरले होते. पण सायकल वळवत म्हणाले, "चाला बाई. मोहगावची डाक आणाची हाय मले."