दगडातला गोबी

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी सांडोरची केळीची वाडी माझ्या दिरांच्या हवाली केली आणि ते आमच्याकडे नायगावच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दिवसभर गॅलरीत बसायचे. विचारलं तरच बोलायचे. त्यांचा वेळ जावा म्हणून नवऱ्याने तुळिंजच्या एका दुकानातून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. तिच्यात दोन नारिंगी मासे आणि भोकं-भोकं असलेला प्रवाळाचा एक दगड.

उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढलं. एका दुपारी हवेचा पंप बराच वेळ बंद राहिला आणि मी ऑफिसातून आले तेव्हा दोन्ही मासे मरून तरंगत होते.

"आता नको आनू कोनाला," सासरे नवऱ्याला म्हणाले.

रविवारी नवरा टाकी रिकामी करायला बसला, तेवढ्यात सासरे ओरडले, "थांब रे! पानी फेकू नको, आत कोनतरी हाय!"

आम्ही तिघंही काचेपाशी वाकलो. दगडाच्या भोकातून डाळीएवढं डोकं बाहेर आलं होतं. मग अंग दिसलं, हिरवट, गालावर लाल रेघा. करंगळीच्या पेराएवढा मासा, पोटाखालच्या परांनी दगडाला चिकटलेला. नवऱ्याने फोटो पाठवला, तेव्हा दुकानदार फोनवर म्हणाला, "गोबी आहे. प्रवाळाच्या खाचेतच राहतो. दगडाबरोबर आला असणार, मलाही दिसला नाही."

सासऱ्यांनी सुका जवळा कुटून पाण्यात टाकला. गोबीने ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी तो भिजवून काडीच्या टोकाला लावला आणि भोकापाशी धरून बसले. दोन-तीन दिवस असंच चाललं.

"खाल्ला त्यानं!" ते सांगायला स्वयंपाकघरात आले. आपणहून काही सांगायला ते पहिल्यांदाच आले होते. मी गॅस बंद करून बघायला गेले.

वीज गेली की ते सायकलच्या पंपाला नळी लावून पाण्यात हवा सोडायचे. शेजारी हसले, तरी त्यांनी सोडलं नाही. एकदा दिरांकडे गेले, तर तिथून फोन: "लाइट हाय ना?"

"नाही, बाबा. मी पंप मारतेय."

"हळू मार. घाबरतो तो."

पुढच्या वर्षी पावसाळा सरताना गोबी दिसेनासा झाला. आठवडाभर ते काडी धरून बसले. मग त्यांनी स्वतःच टाकी उपसली, दगड उलटासुलटा करून पाहिला. काही सापडलं नाही.

"एवढासा जीव, किती जगनार," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मला डबा भरायला सांगून ते वाडीत गेले, आणि मग रोजच जाऊ लागले. संध्याकाळी परत आले की कुठल्या केळीला घड आला, पाणी कुठे तुंबलं, ते सांगत बसायचे. मी भाजी निवडत ऐकायची.