खळ्याची साक्ष

माणसं जोडायची तर मन मोठं लागतं म्हणे. माझं नाही बाबा तेवढं मोठं.

नारळी-पोफळीच्या एका वाडीला लागून आम्हा कोळ्यांचं खळं होतं, म्हणजे मासळी सुकवायची जागा. बांबूंना दोऱ्या ताणून आई तिथे बोंबील टांगायची. चक्रीवादळात वाडी आडवी झाली आणि वाडीवाल्याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. मग त्याला आमचा वास यायला लागला. जन्मभर आला नव्हता मेल्याला. त्याने खळ्याला तारेचं कुंपण घातलं आणि तलाठ्याला सांगितलं, "इथे खळं कधी नव्हतंच." आमच्याकडे कागद नव्हता. त्या वर्षी आईने बोंबील डांबरी रस्त्याच्या कडेला पसरले, त्यावरून गाड्या गेल्या. पुढच्या वर्षी आई गेली. बोंबलांपायी नाही गेली, पण मी दोन्ही एकत्रच धरते.

आता जेट्टीसाठी किनारा मोजायला माणसं आली. आमच्या होड्यांची जागा, मोहल्ल्याची कबरस्तानाची वाट आणि त्याची वाडी, सगळंच जाणार होतं. मोहल्ल्यातल्या आपांनी आणि मी दारोदार फिरून बायका गोळा केल्या. तिसऱ्या बैठकीला तो वाडीवाला आला. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"ताई, मलाही घ्या तुमच्यात."

पूर्वी मी त्याची 'ए कोळणी' होते. आमच्या बायका उठल्याच, हाकला म्हणून. आपा मात्र शांतपणे म्हणाल्या, "त्याची वाडी मधोमध हाय. उद्या त्याने एकट्याने सही केली, तर आपण कुणाच्या जिवावर उभं राहायचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांचं खरं होतं. किनारा पूर्वापार आमच्या वापरात आहे, हे आमच्या तोंडून कुणी मानत नव्हतं. जमीनवाल्याचा शब्द हवा होता.

"या की," मी म्हटलं. "पण जेट्टीच्या सुनावणीला पहिले तुम्ही बोलायचं. आमच्या खळ्याबद्दल."

त्याचं तोंड उतरलं. मला फार बरं वाटलं. त्याला चहा दिला, तोही बोंबलांच्या टोपलीशेजारी बसवून.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मांडवात सगळे होते, त्याच्या भावकीतलेही. तो उठला आणि खाली बघत काहीतरी पुटपुटला. साहेबांना कळलं नाही.

"भाऊ, जरा मोठ्याने," मी मागून म्हटलं.

"इथे खळं होतं," तो म्हणाला. "यांची आई तिथे बोंबील सुकवायची. मी तेव्हा खोटं सांगितलं."

साहेब लिहून घेऊ लागले. आता किनारा वाचायची आशा होती, हे मलाही कळत होतं. बस झालं म्हणून आपांनी माझा हात दाबला. मी हात सोडवून घेतला.

"अजून एकदा सांगा, भाऊ," मी म्हटलं.