रिकाम्या पाटावर

वडिलांनी शेवटच्या दिवसांत पोथीवर हात ठेवायला लावून माझ्याकडून शब्द घेतला. पानशेतच्या वरचं विहिरीचं शेत धाकट्याचं, त्यात मी वाटा मागायचा नाही. मी थोरला. शब्द दिला आणि घर सोडलं. किकवीला हमाली केली, पुढे टेम्पो घेतला, मग जमिनीच्या व्यवहारात पडलो. सगळं स्वतःच्या जिवावर. पण एक सल राहिला. पोथीतला थोरला वनात गेला तेव्हा धाकटा सारी नगरी घेऊन त्याच्या मनधरणीला गेला, पादुका डोक्यावर घेऊन परतला. माझा धाकटा किकवीपर्यंतसुद्धा आला नाही. एसटी तर थेट जाते.

यंदा त्या शेताला पुण्याचं गिऱ्हाईक लागलं. शब्द गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि अर्धा वाटा मागायला निघालो.

श्रावणातली दुपार. धुकं उंबऱ्यापर्यंत आलेलं. भाऊ ओसरीत पोथी वाचत होता, भावकीतली माणसं घोंगडीवर बसून ऐकत होती. पुढे एक पाट रिकामा. कथा चालते तिथं मारुती ऐकायला येतो, म्हणून आमच्याकडे तो मांडतात. मला हे ठाऊक होतं, तरी रागाच्या भरात त्यावरच बसलो.

पाट गरम होता. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा.

म्हातारी चुलती हळूच म्हणाली, "आरं, सरक जरा. बसू दे की त्यास्नी."

"कुनाला? हितं कुनी दिसतंय का?"

"तुला न्हाई दिसायचं. तुला गिऱ्हाईकच दिसतं."

माणसं हसली. हसता हसता माझ्या शेजारचे दोघं बाजूला झाले, आणि मधली मोकळी घोंगडी हळूहळू दबली.

मी उठलो. वाटणीचं बोलणं तसंच टाकून चपला घातल्या आणि बाहेर पडलो. गोठ्यापाशी पोचलो तोच मागून हाक आली.

"दादा, मागं फिरा."

आवाज भावाचा. इतकी वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं. वळून पाहिलं. धुक्यात कुणी नव्हतं, आणि ओसरीतून त्याचं वाचन न थांबता चालूच होतं.

मी परत गेलो आणि कोपऱ्यात बसलो. आरती झाल्यावर विचारलं, "मला हाक मारलीस?"

"न्हाई, दादा. म्या तर वाचत हुतो. पोथी अर्ध्यात सोडून हाक कशी मारीन?" मग माझ्याकडे बघत म्हणाला, "कशापायी आला हुता तुमी?"

अर्धा वाटा ओठांवर आला होता. समोर पाटाशेजारची घोंगडी अजून दबलेलीच होती.

"ऐकायला," मी म्हणालो.

गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. वडिलांना दिलेला शब्द राहिला म्हणायचा. पण भावानं मला बोलावलं नाही ते नाहीच. आणि ज्यानं बोलावलं, त्याच्याशी घासाघीस करायची मला अजून हिंमत होत नाही.