बिनदुखण्याची माणसं

आमच्या खोलीत कामाशिवाय बोलायला बंदी आहे. कॉटवर माणूस चार तास पडून असतो, दोन्ही हातांना पट्टे लावलेले असतात, आणि तो जरा हसला तरी मापं बिघडतात. त्यामुळं दिवसभर जे घडतं ते आमच्या पोटात साठत जातं आणि संध्याकाळी कँटीनमध्ये एकदम बाहेर पडतं. तिथं मग आमचा आवाज सगळ्यात मोठा.

मी टेक्निशियन. काम सांगायला सोपं आहे. आपल्याच शरीरात पेप्टाइड्स तयार होतात, प्रथिनांचे बारके तुकडे म्हणा. त्यातलं एखादं थेंबाथेंबानं हाताच्या धमनीत सोडायचं आणि रक्तवाहिनी किती रुंदावते ते बघायचं. दंडाचा पट्टा फुगला की हातात रक्त भरतं आणि स्क्रीनवर रेघ तिरकी चढते. रक्त जास्त, तर चढ जास्त. आणि हे सगळं फक्त निरोगी माणसांत. बेळगावात बसून आम्ही हे करतो, आणि चांगलं करतो.

*

खरी अडचण निरोगी माणूस मिळवायची. खानापूरकडच्या आमच्या गावातल्या परशरामकाकांना मी फोन केला.

"मला काय झालंय?" काकांनी विचारलं.

"काही नाही काका. म्हणूनच बोलावतेय."

"मग कायतरी हू दे की. तवा येतो."

शेवटी आले. सगळ्या तपासण्या झाल्या, चार तास पडून राहिले, गावी गेले. पुढच्या सोमवारी दारात गावातले पाच जण उभे. त्यातला एक म्हणाला, "परशरामला काय न्हाय म्हणून तुम्ही सांगितलंय म्हणं. आमालाबी काय न्हाय. तेवढं बघून सांगा."

*

तंबाखू खाणारा माणूस आम्हाला चालत नाही. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात. एकदा निपाणीकडचे अण्णाप्पा आले. आमच्या डॉक्टर मॅडम फॉर्म भरत होत्या.

"तंबाखू?"

"हाय की. दोन एकर."

मॅडमचं पेन थांबलं. अण्णाप्पा शांतपणे म्हणाले, "पिकवतो. खात न्हाय. आमच्या आज्ज्यापासनं घरात कुणी चिमूटभर तोंडात टाकल्याली न्हाय."

ओली पानं तोडताना तंबाखू कातडीतूनही अंगात शिरतो. तोडणी संपून बरेच महिने झाले होते, तरी मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. अण्णाप्पांनी त्याची एक प्रत मागून घेतली.

"कशाला हवी?" मी विचारलं.

"सोयरीक जुळवाय लागलोय पोराची. निपाणीचा म्हटलं की पयला प्रश्न त्योच इचारत्यात."

*

वडगावच्या शांताक्का हातमागावर साड्या विणतात. पेप्टाइड सुरू झालं की काय वाटतंय ते आम्ही विचारतो आणि फॉर्ममध्ये इंग्रजीत लिहितो. बहुतेक जण "गरम वाटतंय" म्हणतात. शांताक्का डोळे मिटून पडल्या होत्या. हात कोपरापासून लाल व्हायला लागला, रेघ चढायला लागली.

"काय वाटतंय, आक्का?"

"हातात ऊन शिरलंय बघ गं."

मॅडमनी दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं. मग त्या रकान्यात मराठीतच लिहिलं.

*

आणि याच शांताक्कांच्या रेघांवरून आमचं काम बंद पडायची वेळ आली होती.

कागदपत्रं तपासायला बाहेरून एक साहेब आले. दिवसभर इंग्रजी, मधूनच कन्नड. शांताक्कांच्या रेघा बघून त्यांनी चष्मा काढला. माणूस हलला की रेघ करवतीसारखी होते. यांच्या रेघा पट्टीनं ओढल्यासारख्या. चार तास इतकं निश्चल कुणी राहू शकत नाही, रेघा बनवलेल्या दिसतात, असं त्यांचं म्हणणं. मॅडमचा चेहरा उतरला. दोन वर्षं आम्ही नियम इतके पाळले होते, की एक चहासुद्धा त्या खोलीत प्यायलो नव्हतो.

मॅडमनी वाद घातला नाही. शांताक्कांना बोलावून घेतलं. साहेबांसमोर त्या कॉटवर पडल्या आणि रेघा परत तशाच आल्या, एकामागून एक.

साहेबांना तरी पटेना. मशीनच तसं लावलं असेल, असं त्यांना वाटलं. "मी पडतो," म्हणाले. सुई नाही, नुसते पट्टे. शांताक्का बाजूच्या स्टुलावर बसल्या. पहिल्याच मिनिटाला स्क्रीनवर करवत. दुसऱ्या मिनिटाला आणखी मोठी.

शांताक्का माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "लई शिकल्यालं दिसतंय माणूस. पर गप पडाय यीना बघ."

कॉटवरून आवाज आला, अगदी आमच्याकडच्या मराठीत. "आक्का, माझी आई हितल्याच शहापूरची हाय."

मी मान खाली घातली. मॅडम भिंतीकडं बघायला लागल्या.

शांताक्कांनी स्टूल जरा पुढं ओढलं.

"व्हय? मग पड की गप, लेकरा."

रेघ सरळ झाली.